गीत नंबर एकोणऐंशी

प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे, ही आमच्या मंडळीची सवय. पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की सगळं चर्च माना खाली घालतं, बायका पदर डोक्यावर घेतात, आणि मिनिटभर फक्त पंख्यांचा आवाज येत राहतो. त्या सगळ्यांत एक माणूस मागच्या दाराशी खुर्ची टाकून, डोळे टक्क उघडे ठेवून बसायचा. मला हे कसं ठाऊक? मीही अधूनमधून उघडून बघायची म्हणून. उगाच सोवळेपणा कशाला करू.

ते ख्रिस्ती नव्हते. बौद्ध होते, नांदेडकडचे. फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले, आणि बरकतपुऱ्यातल्या आमच्या चर्चच्या पाठीमागच्या गल्लीत राहणारे. आमची ही हैदराबादेतली मराठी मंडळी लहानशी. सगळ्यांची मुळं मराठवाड्यात. कुणाचे आजोबा रेल्वेत लागले, कुणाचे मिशनच्या दवाखान्यात. घरात मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात तेलुगू, असा आमचा कारभार. गल्लीतली पोरं त्यांना फायरमामा म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. एकदा मी आदरानं "साहेब" म्हटलं तर म्हणाले, "साहेब नक्को, बाई. साहेब जीपमधून सगळ्यात मागून येतात."

आमच्या पंचांपैकी, म्हणजे चर्चच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्यांपैकी, एकानं त्यांना हटकलं होतं. "तुम्ही डोळे का मिटत नाही?"

"सगळ्यांनी मिटले तर बघणार कोण?"

"देव बघतो."

"बघू द्या की. मी पण बघतो. दोघं असलेलं बरं."

आता हे आमच्यात आले कसे, ते सांगते. नाताळच्या सकाळी आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती देतात. एका वर्षी दुसऱ्या रांगेतल्या बाईंचा नायलॉनचा पदर शेजारणीच्या मेणबत्तीवर गेला आणि भुरकन पेटला. आम्ही सहा जणी धावलो, आणि सहाही जणी काय करायला लागलो, तर फुंकर मारायला. मी त्यात होते. गल्लीत जेवणाची देगची चढली होती म्हणून त्या दिवशी मागचं दार उघडं होतं, आणि हा माणूस तिथं आचाऱ्याशी चुलीच्या अंतरावरून भांडत होता. तो आत आला, दारातलं ओलं पायपुसणं उचललं, बाईंच्या पदरावर दाबलं, आणि संपलं. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "फुंकर कायको मारूलालात? बड्डे आहे का?"

एवढ्यावर थांबले असते तर ते फायरमामा कसले. "तुमचा आगीचा सिलेंडर कुठं आहे?" त्यांनी विचारलं. सिलेंडर होता. नाताळच्या झाडामागं होता, आणि पोरांनी त्याला चमकी गुंडाळून वर चांदणी लावली होती. मामांनी चमकी सोडवली, तारीख वाचली आणि म्हणाले, "हा माझ्या आधी रिटायर झाला."

दुसऱ्या दिवशी मी करंज्यांचं ताट घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आम्हाला शिकवा. त्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. "तुमच्या घराला दारं किती?" म्हणाले. मी म्हटलं, फ्लॅट आहे, एकच. "गॅसची नळी कधी बदलली?" मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी पायात चप्पल घातली आणि मला घेऊन माझ्याच घरी आले. करंज्या त्यांच्या ओट्यावर तशाच राहिल्या. नळी मात्र त्याच दिवशी बदलली गेली, आणि मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेली बाई, मला स्वतःच्या स्वयंपाकघरात शाळकरी मुलीसारखी बोलणी खावी लागली.

त्यांचं सगळं असंच. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीआधी दारं बघायचे. हॉटेलात चहा बाहेर उभं राहून. आमंत्रण आलं तर विचारायचे, "कितव्या मजल्यावर?" माझी भाची तेव्हा दिलसुखनगरला एका कोचिंगच्या हॉस्टेलमध्ये राहायची. मामांना कळलं तसे एका दुपारी ते तिथं गेले, चार मजले चढले, उतरले, आणि मॅनेजरला म्हणाले की एकाच जिन्यावर मोटरसायकली आणि गाद्या ठेवता, वर नव्वद पोरी ठेवता, तुम्हाला झोप कशी लागते. मॅनेजर म्हणाला, आजवर काही झालं नाही. मामा भाचीची पेटी खांद्यावर घेऊन तिला माझ्या घरी आणायला रिक्षात बसले. भाची रडत होती, कारण तिच्या मैत्रिणी तिथंच राहिल्या. "त्यांच्या आईबापांचे नंबर दे," मामा म्हणाले, आणि खरोखर एकेकाला फोन केला. दोघांनी शिव्या दिल्या. एकानं मुलगी हलवली. मामा त्या एकावर खूश होते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. दवाखान्यात होते तेव्हासुद्धा सिस्टरशी हुज्जत घालून दाराजवळचा पलंग मिळवला होता. मी भेटायला गेले तर माझी चौकशी नाही, घरच्यांची नाही. "जिना बघितला का येताना? खाली औषधांची खोकी ठेवलीत, हलवायला सांग." मी सांगितलं. खोकी हलली की नाही ते बघायला त्यांनी मला परत पाठवलं. ती हलली नव्हती, म्हणून मग मीच हलवली.

तर शिकवणी. दर शनिवारी चार वाजता. आमच्या चमूत मी, पाळकीणबाई, महिला मंडळातल्या दोघी, चर्चचा तेलुगू वॉचमन आणि माझी भाची. पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "डोळे मिटा. आता खरं मिटायचं काम आहे. धुरात काही दिसत नसतं." आणि आम्हाला खाली वाकून, भिंतीला हात लावत, आपापल्या बाकापासून दारापर्यंत जायला लावलं. पाळकीणबाई बाजाच्या पेटीवर आदळल्या. महिला मंडळातल्या थोरल्या बाई हसत हसत खालीच बसल्या. मामा हसले नाहीत. "परत," म्हणाले. त्या दिवशी नऊ वेळा परत झालं. घरी जाऊन मी गुडघ्यांना तेल लावलं आणि त्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

चर्चला दारं दोन. पुढच्या दाराला सात पायऱ्या आणि लोखंडी ओढायची जाळी. मागचं दार गल्लीच्या पातळीला, एकही पायरी नाही, पण कधीतरी ॲम्प्लिफायर चोरीला गेला तेव्हापासून त्याला कुलूप. चावी सेक्रेटरींकडे, दुसरी पाळकसाहेबांच्या कपाटात. नाताळ सोडला तर ते उघडत नसे. मामांनी हट्ट धरला तेव्हापासून उपासनेच्या वेळेपुरतं उघडायला लागले, तेही तोंड वाकडं करून. दार उघडं म्हणजे गल्लीतली पोरं डोकावणार, आणि गल्लीतली माणसं आमच्या कमिटीला फारशी पसंत नव्हती.

दुसऱ्या शनिवारी मामांनी एक वही काढली आणि विचारलं, "पायऱ्या न उतरू शकणारी माणसं सांगा." आम्ही सांगत गेलो, ते लिहीत गेले. प्रत्येक नावापुढं त्यांचा एकच प्रश्न: "ह्यांना कोण उचलणार?" आम्ही म्हणायचो, सगळे आहेत की. "सगळे म्हणजे कुणीच नाही. दोन नावं सांगा." नावं मिळाल्याशिवाय ते पुढच्या ओळीला जायचे नाहीत.

त्या यादीत पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं. वय चौऱ्याऐंशी, अर्धांगानं एक पाय गेलेला, जीभ शाबूत. मागचं दार उघडायला लागल्यापासून दर रविवारी त्यांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या दारानं आत घ्यायचो आणि मागच्या दारानंच न्यायचो. त्याआधी पुढच्या पायऱ्यांवरून खुर्ची उतरवताना एकदा माझ्या आणि वॉचमनच्या हातून ती सुटता सुटता राहिली होती. त्या दिवसापासून माझ्या मनात जी भीती बसली होती ती मी कुणाला बोलले नव्हते. मामांनी विचारलं नसतं तर बोललेही नसते.

सासूबाईंना आम्ही सरावासाठी आणलं. त्या काठी आडवी धरून बसल्या. "मला हात लावायचं काम नाही. आग लागली तर मी देवाघरी जाईन. माझं तिकीट कधीचं काढलंय."

मामा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "तुम्ही जाल हो, आजी. पण ही तुमची सून तुम्हाला टाकून पळायची नाही. हिच्या मागं भाची थांबणार. एका तिकिटावर तिघी कशा जाणार?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "उचला."

खुर्ची मागं कशी कलती करायची, पुढच्यानं कुठं धरायचं, उंबरा कसा ओलांडायचा, ते मामांनी दाखवलं. बाहेर गल्लीत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" मामांनी सांगितलं.

"मग आमच्या शेजारचंच. घर कुठं होतं?"

"वेशीबाहेर."

"आमचं पण तिथंच," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही आधी डोक्यावर पाणी घेतलं. तुम्ही मागनं दीक्षा घेतली. एवढाच काय तो फरक."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या कमिटीतल्या बऱ्याच जणांना हे आठवायला आवडत नाही. चार पिढ्या शिकलो, पगार आले, सूट-टाय आले, आणि मागच्या गल्लीतल्या माणसांना आम्ही "ते लोक" म्हणायला लागलो. सासूबाईंना असलं काही जमलं नाही, आणि मलाही जमू नये अशी माझी इच्छा आहे.

मग आलं ते गीताचं प्रकरण. मामांचं म्हणणं होतं की भर गर्दीत "आग" हा शब्द ओरडायचा नाही. माणसं आगीनं मरत नाहीत तितकी पायऱ्यांवर एकमेकांखाली मरतात. तेव्हा चमूला कळेल आणि लोक घाबरणार नाहीत अशी काहीतरी खूण हवी. "तुमच्या गीतांच्या पुस्तकातलं असं गाणं सांगा, जे कुणीच गात नाही."

आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "एकोणऐंशी."

एकोणऐंशी नंबरचं गीत आठ कडव्यांचं आहे आणि त्याची चाल पेटीवाल्यांनाही आठवत नाही. मी लहानपणी एकदा ऐकलं होतं, कुणाच्या तरी मातीच्या वेळी. ठरलं. मंचावरून गीत एकोणऐंशी पुकारलं की वॉचमननं मागचं दार धरायचं, भाचीनं पुढची जाळी पूर्ण सरकवायची, आम्ही बायकांनी रांगेरांगेनं माणसं काढायची.

पहिली तालीम घेतली. पाळकीणबाईंनी मंचावरून शांतपणे पुकारलं, "गीत नंबर एकोणऐंशी." आणि आमची भाची, कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या पाचांत येणारी, जागेवरच उभी राहून पुस्तकाची पानं उलटायला लागली.

"काय करूलालीस?" मामा म्हणाले.

"सिक्स्टी-नाईन काढतेय, मामा."

वॉचमनला तर काहीच कळलं नव्हतं. तो सगळ्यांकडे बघून हसत होता. महिला मंडळातल्या धाकट्या बाई म्हणाल्या, नंबर इंग्रजीतच सांगा, सोपं पडेल. त्यावर थोरल्या बाईंनी विचारलं, "सेवंटी-नाईन म्हणजे सत्याण्णव ना?"

मामा एका बाकावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच हरलेलं पाहिलं. भाची म्हणाली, "मामा, त्यापेक्षा ऐंशी ठेवा ना. ऐंशी मला येतं."

"ऐंशी तुम्ही दर महिन्याला गाता. मग दर महिन्याला पळायचं का?"

त्यानंतरचे दोन महिने आमच्याकडे आगीची शिकवणी कमी आणि पाढे जास्त झाले. "एकोण म्हणजे एक उणा. ऐंशीला एक उणा," मामा सांगायचे. भाचीनं एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे पाठ केले. थोरल्या बाईंनी सेवंटी-नाईन पाठ केलं. वॉचमनसाठी सगळ्यांनी डेब्बै तोम्मिदि पाठ केलं, आणि त्या बदल्यात वॉचमन मराठीतलं एकोणऐंशी इतकं ठसक्यात म्हणायला लागला की आमच्या पेटीवाल्यांना तो परभणीचा वाटला. मामा गौलीगुड्याला बादल्या घ्यायला गेले तरी भाचीला बरोबर न्यायचे आणि दुकानासमोर उभं करून विचारायचे, "एकोणसाठ?" ती भर बाजारात ओरडायची, "फिफ्टी-नाईन." जे शाळेला जमलं नाही, मला जमलं नाही, ते ह्या माणसानं लाल बादल्या घेता घेता करून टाकलं.

कमिटीला हे सगळं पहिल्यापासून खुपत होतंच. त्यातून नवा मंच, तोही मागच्या टोकाला, करायचं निघालं. मोठा स्क्रीन लावायचा, त्यावर गीतांचे शब्द दिसणार, आणि स्क्रीनसाठी मागची भिंत सलग हवी. म्हणजे मागचं दार विटांनी बुजवायचं. कमिटीत मी एकटी बाई, आणि मी एकटीनं विरोध केला. म्हटलं, माझ्या सासूबाई बाहेर कशा पडणार? सेक्रेटरी हे सज्जन गृहस्थ, सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आजींना आम्ही पायऱ्यांवरून उचलू की. सगळे आहेत ना."

"सगळे म्हणजे कोण? दोन नावं सांगा."

सेक्रेटरींनी पुढचा विषय काढला. पाळकसाहेबांनीही कागद उलटला. तरुण माणूस, नवीन आलेले, कमिटीला दुखवायची हिंमत त्यांना होत नव्हती. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला होता की मी चहाही घेतला नाही.

मामांना बोलावून सांगण्यात आलं की शिकवणी आता बंद, आणि उपासनेत बाहेरच्या माणसानं दाराशी बसणं योग्य दिसत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "ह्या सगळ्यानं लोकांच्या मनात भीती बसते. आमचा विश्वासावर विश्वास आहे."

"ठेवा की," मामा म्हणाले. "देवावर ठेवा. वायरिंगवर नका ठेवू."

"तुमचा तरी आमच्या देवावर विश्वास आहे का?"

"नाही. पण तुमच्या माणसांवर माझा जीव आहे. म्हणून शनिवारी येतो, नाहीतर माझ्या घरी टीव्ही आहे."

पुढच्या रविवारी मागच्या दाराला आतून पुन्हा कुलूप लागलं. आणि मामा? मामांनी आपली खुर्ची गल्लीत, त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला टाकली. उपासना सुरू व्हायच्या आधी यायचे आणि संपेपर्यंत बसायचे. उन्हात डोक्यावर रुमाल. मी म्हटलं, कशाला हा त्रास, बंद दाराशी बसून काय करणार? म्हणाले, "दाराला दोन बाजू असतात. एक त्यांनी घेतली."

सासूबाईंना आम्ही आता पुढच्या पायऱ्यांवरून चढवायला लागलो. वॉचमन, मी, भाची आणि कुणीतरी दयाळू. प्रत्येक पायरीला त्या डोळे घट्ट मिटायच्या. एकदा घरी आल्यावर म्हणाल्या, "मी आता येत नाही चर्चला. तुमच्या हातांना कापरं भरतं, मला कळतं." साठ वर्षांत त्यांनी बाळंतपणं सोडली तर एक रविवार चुकवला नव्हता. त्याच संध्याकाळी मी पाळकीणबाईंना फोन केला.

गवंडी सोमवारी यायचा होता. गल्लीत दाराशेजारी विटा रचून झाल्या होत्या. शनिवारी चार वाजता आम्ही माझ्या घरी जमलो. चर्चमध्ये बंदी होती, माझ्या घरी नव्हती. मामांना मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर सगळा ठपका त्यांच्यावर आला असता, आणि मला तो माझ्यावर हवा होता. पाळकीणबाई म्हणाल्या, "कपाटातली चावी मी आणते. ह्यांना सांगणार नाही." एवढं म्हणून त्या दोन घोट पाणी प्यायल्या.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभूभोजनाचा, पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा; तेवढ्यासाठी सासूबाईही यायला तयार झाल्या होत्या. निवेदनं वाचायचं काम माझं. मी मंचावर गेले, वाढदिवस वाचले, महिला मंडळाची सभा वाचली, आणि मग म्हटलं, "आता गीत नंबर एकोणऐंशी, सर्वांनी उभं राहून."

सेक्रेटरींनी पुस्तक उघडलं. पेटीवाल्यांनी माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. भाची मात्र पान न उलटता सरळ जाळीकडे चालू लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला. वॉचमन मागच्या दाराकडे गेला, पाळकीणबाईंनी कमरेची चावी काढली. मग मी माईकवर स्पष्ट सांगितलं, "ही फक्त तालीम आहे. आग नाही, धूर नाही. पण आहे असं समजून आपण सगळे आपापल्या रांगेनं बाहेर जाऊ. धावायचं नाही."

लोक कुरकुरले, पण उठले. मंडळीला मंचावरून सांगितलेलं ऐकायची सवय असते, त्याचा मी फायदा घेतला हे कबूल करते. मागून सासूबाईंची खुर्ची कलती होऊन उंबरा ओलांडून कधी गेली ते मला दिसलंसुद्धा नाही. पुढं मात्र सगळं अडलं. जाळी पूर्ण उघडी होती, पायऱ्या मोकळ्या होत्या, पण आमच्याकडे चप्पल बाहेर काढून आत यायची पद्धत. पहिली दहा माणसं पायऱ्यांवर पोचली आणि खाली वाकून आपापला जोड शोधायला लागली. त्यांच्या मागची त्यांच्यावर आदळली. "माझा दुसरा पाय कुठं गेला," असं कुणीतरी विचारत होतं. सेक्रेटरी स्वतः मधल्या पायरीवर एका पायात सँडल घालून उभे होते आणि दुसरा कुणाच्या तरी आजोबांच्या पायाखाली होता.

मी मागच्या दारानं गल्लीत आले. दार उघडताच मामा खुर्ची बाजूला ओढून उभे राहिले होते, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून. गीताचा नंबर त्यांनी दाराच्या फटीतून ऐकला होता. मला वाटलं, दोन शब्द चांगले बोलतील.

"आजी सव्वा मिनिटात बाहेर," ते म्हणाले. "पुढचे मात्र सात मिनिटं झाली तरी अजून चपलाच शोधूलालेत. चपलांचं माझ्या ध्यानात कसं नाही आलं?" एवढं बोलून ते स्वतःवरच इतके चिडले की मला त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

लोक परत आत आले, बसले. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन म्हणाले की ह्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. मी म्हटलं, देईन. सगळे आले, एक खुर्ची आली नाही. सासूबाई गल्लीत बसून होत्या. भाची आणायला गेली तर म्हणाल्या, "उद्या इथं भिंत होणार आहे ना? मग मी इथंच बरी. आत गेले तर परत निघणार कशी?"

प्रभूभोजन झालं. लोक पुढं येऊन गुडघे टेकून गेले. ज्यांना पुढं येता येत नाही त्यांच्या जागेवर पाळकांनी जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पाळकसाहेबांनी ताट आणि प्याला उचलला, मधल्या वाटेनं चालत आले, आणि मागच्या दारातून झगा सावरत गल्लीत उतरले. मागं दारात पाळकीणबाई, सेक्रेटरी आणि निम्मी मंडळी.

सासूबाईंनी हात पुढं केला नाही. मांडीवर तसाच ठेवला.

"आधी दाराचं बोला," त्या म्हणाल्या.

"आजी, हे प्रभूचं मेज आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "इथं अटी घालत नाहीत."

"साठ वर्षं अट न घालता घेतलं. आता एक घालते. हे दार बुजवलं तर मी पुढच्या महिन्याला इथवर येऊ शकत नाही. म्हणजे तुम्ही मला आज शेवटचं देताय. तसं असेल तर तसं सांगा, मी घेते."

सेक्रेटरी मागून म्हणाले, "आजी, लोक थांबलेत."

"थांबू देत. मी पण थांबलेय."

पाळकसाहेबांनी एकदा विटांच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या मांडीवरच्या हाताकडे. मग आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "इथं भिंत होणार नाही."

"कमिटीचा ठराव आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"ठरावाला मी उत्तर देईन."

त्यांनी ताट आणि प्याला पाळकीणबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्याकडून चावी घेतली. ती घेऊन ते मामांसमोर गेले आणि दोन्ही हातांनी पुढं केली. म्हणाले, "ही आजपासून तुमच्याकडे राहू द्या, मामा. दर रविवारी तुम्हीच उघडत जा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या अपमानानंतर हा केवढा मान.

मामांनी हात पाठीमागं घेतले.

"चावी नक्को, पाळकसाहेब. एखाद्या रविवारी मीच मेलेलो असलो तर? कुलूप काढा."

पाळकसाहेब वळले, कडीतलं कुलूप ओढून काढलं, कुठं ठेवावं ते न सुचून झग्याच्या खिशात टाकलं, आणि पाळकीणबाईंकडून ताट परत घेतलं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात पुढं केला.